चष्मा, पदर आणि १९५६ चं नेट

नवरी सत्तावीस वर्षांची, राहणारी वर्तकनगरची. घराणं मूळचं नगरकडचं, मराठी ख्रिस्ती. आजोबा वागळे इस्टेटमध्ये कारखान्यात लागले आणि सगळे ठाणेकर झाले. लग्न मे महिन्यात, चर्चमधला विधी दुपारी साडेचारला, त्यानंतर घोडबंदर रोडला एका एसी हॉलमध्ये रिसेप्शन. चर्चमध्ये पांढरी साडी आणि रिसेप्शनला रंगीत शालू, एवढं घरात आधीच ठरलं होतं. अडलं होतं ते डोक्यावरच्या व्हेलपाशी, म्हणजे ख्रिस्ती नवरी डोक्यावरून मागे सोडते त्या नेटच्या ओढणीपाशी.

मी नौपाड्यात नवरीच्या साड्या, ब्लाउज आणि जुन्या कपड्यांच्या दुरुस्तीचं काम करते. मायलेकी आल्या तेव्हा तीन गोष्टी घेऊन आल्या. मुलीच्या मोबाइलमध्ये साठवलेले फोटो, आईने ऑनलाइन मागवलेली एक तयार व्हेल, आणि एका बिस्किटाच्या डब्यात आजीच्या लग्नातलं नेट. मुलीला हवा होता ‘विंटेज लुक’. आईला हवं होतं की आजीचंच नेट डोक्यावर यावं. आजींना काय हवंय हे तोवर कुणी विचारलेलं नव्हतं.

फोटो पाहिल्यावर मी मुलीला पहिल्यांदा हेच विचारलं, की विंटेज म्हणजे कोणत्या सालचं? तिच्या मोबाइलमध्ये निदान तीन वेगवेगळे काळ शेजारी शेजारी बसले होते. एका फोटोत व्हेल भुवयांच्या जरा वर, कपाळावरून पट्टीसारखी बांधलेली. ही १९२० च्या दशकातली रीत. तेव्हा केस आखूड होते, रोजच्या टोप्यासुद्धा भुवयांपर्यंत खाली ओढून घालत, आणि व्हेलही तशीच उतरली. एलिझाबेथ बोज-लायन, म्हणजे पुढे राणी एलिझाबेथ दुसरीची आई झाली ती, २६ एप्रिल १९२३ ला लग्नाला उभी राहिली तेव्हा तिची जुन्या लेसची व्हेल अशीच कपाळावर होती. दुसऱ्या फोटोत लहानशी टोपी आणि तिच्यावरून नाकापर्यंत येणारी मोठ्या छिद्रांची जाळी, जिला बर्डकेज म्हणतात. ती १९४० च्या दशकातली, युद्धाच्या वर्षांतली. कापड रेशनवर असताना लांब व्हेल आणणार कुठून, म्हणून सुटाबरोबर घालायची ही आखूड जाळी चालली. तिसरा फोटो ग्रेस केलीचा. १९ एप्रिल १९५६ ला मोनॅकोत तिचं चर्चमधलं लग्न झालं, तेव्हा डोक्याला घट्ट बसणारी लेसची टोपी होती, तिला ज्युलिएट कॅप म्हणतात. पण ती मागे सरकवून बसवलेली, कपाळ पूर्ण मोकळं आणि नेट टोपीच्या मागून खाली.

हे तिन्ही एका डोक्यावर येत नाहीत. व्हेल जुन्या काळची दिसते की नाही, हे डोक्यावर ती कुठून सुरू होते आणि नेट किती सुळसुळीत पडतं यावर ठरतं. लेस किती आणि मोती किती ही नंतरची गोष्ट. बाजारात ‘विंटेज’ म्हणून जे विकतात त्यात उलटं असतं, आजकालचीच व्हेल घेऊन तिच्यावर लेस चढवलेली. आईने मागवलेली व्हेल तशीच निघाली. पांढरीशुभ्र, ताठ, नऊ फुटांच्या वर लांब, काठाला प्लॅस्टिकचे मोती.

साल निवडायला मदत झाली ती चष्म्याची. मुलीला लहानपणापासून जाड नंबरचा चष्मा आहे, लेन्सेस तिला सोसत नाहीत, आणि लग्नात चष्मा काढणार नाही हे तिने आल्या आल्या सांगितलं होतं. “ताई, मला तो कसा दिसतोय ते दिसायला नको का?” मग बर्डकेज बाद. चष्म्यावर जाळी आली की काचेवर चौकटी पडतात, फ्लॅशमध्ये तर डोळेच हरवतात. कपाळावरची पट्टीही बाद, कारण वरून पट्टी आणि खालून फ्रेम, मध्ये दोन बोटं कपाळ उरतं आणि चेहरा मिटल्यासारखा होतो. मी एक दुपट्टा तिच्या भुवयांवर बांधून आरशासमोर उभं केलं, तेव्हा ती स्वतःच हसली. उरलं १९५० च्या दशकाचं बसवणं, कपाळ मोकळं आणि नेट मागून. तोंडावर घ्यायचा पुढचा पदर, जो वडील चर्चमध्ये वर करतात, त्याचा मोह तिला होता. तोही मी सोडायला सांगितला. मे महिन्यात ठाण्यात नेटच्या आत श्वास घेत चष्मा धुरकट करून चालत जायचं, वर रजिस्टरवर सही करायची आहेच. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा, आणि रजिस्टरवर वधू-वर आणि साक्षीदारांच्या सह्या त्यात सांगितल्या आहेत. सहीच्या वेळी तरी तोंड उघडं हवंच.

आता डब्याकडे. झाकण उघडल्यावर आधी वास आला, कळकट मेणाचा. आजींचं लग्न १९५६ चं. डोक्यावर मेणाच्या कळ्यांचा मुकुट होता, संत्र्याच्या फुलांसारख्या कळ्या. व्हिक्टोरिया राणीने १८४० मध्ये लग्नात हिऱ्यांच्या मुकुटाऐवजी संत्र्याच्या फुलांची वेणी घातली. त्यानंतर ही फुलं नवरीची म्हणून रूढ झाली, आणि जिथे खरी मिळत नव्हती तिथे मेणाची आली. आजींच्या मुकुटातलं मेण इतक्या उन्हाळ्यांत मऊ होऊन कळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या. काही नेटवर दाबल्या जाऊन तिथे तेलकट पिवळे डाग पडले होते. वरून वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला. जुन्या कापडाला त्या कागदातलं आम्ल फार वाईट.

नेट सिल्कचं आहे असं घरात सगळे धरून चालले होते. मला बोटाला ते सिल्क वाटलं नाही. चुण्यांच्या आत दडलेल्या टोकातून एक धागा काढला आणि चिमट्यात धरून काडीने पेटवला. सिल्क असतं तर जळक्या केसांचा वास आला असता, आणि नायलॉन असतं तर वितळून कडक मणी झाला असता. इथे कागद जळल्याचा वास आला आणि मऊ करडी राख पडली. म्हणजे सुती. षटकोनी छिद्रांचं यंत्रावरचं नेट, इंग्लंडात जॉन हीथकोटच्या १८०९ च्या पेटंटनंतर जे गिरण्यांत विणलं जाऊ लागलं त्याच जातीचं, आणि काठाला हाताने साखळी टाक्याचं कंगोऱ्याचं काम. सुती म्हटल्यावर आईचा चेहरा उतरला. खरं म्हणजे ती चांगली बातमी होती. सुती कापड सिल्कपेक्षा धुवायला कितीतरी बिनधोक, आणि लग्नातलं नेट सुती होतं म्हणून आजींचं लग्न कमी थाटाचं ठरत नाही.

वाईट बातमी वेगळीच होती. लग्नाच्या दिवशी लावलेल्या टाचण्या कुणी काढल्याच नव्हत्या. माथ्यावर जिथे चुण्या एकत्र येतात तिथे गंजाची तपकिरी वर्तुळं, आणि एका वर्तुळाला नखाने नुसता स्पर्श केला तर मधला भाग पिठासारखा गळला. गंज नुसता डाग पाडून थांबत नाही, तो सुती धागा खातो. लिंबू-मीठ लावून गंज निघतो हे आईला माहीत होतं आणि रोजच्या चादरीला ते ठीकही आहे. पण इथे आम्ल लावलं तर उरलेले धागेही जातील. मुख्य म्हणजे ही छिद्रं नेमकी अशा जागी आहेत जिथे व्हेलचं सगळं वजन लटकतं. काठाला भोक असतं तर खालून नव्या नेटचा आधार देऊन झाकलं असतं. माथ्याला आधार दिला तरी मान वळवली की ताण जुन्या धाग्यावरच येणार. चर्चच्या मधल्या वाटेवर चुण्या फाटून व्हेल पाठीवर घसरली, तर तिथे सुईदोरा घेऊन कोण धावणार.

तरी आईला पटेना. “एवढं जपून ठेवलंय ते कशासाठी मग?” मी म्हटलं, आजींना विचारू.

आजी पुढच्या खेपेला आल्या, रिक्षातून उतरल्या आणि चहा घेता घेता नेट बघून म्हणाल्या, “अगं बाई, हे अजून आहे होय? कापा की मग, त्यात काय.” आईच्या डोळ्यांत पाणी आणि आजी मात्र बिस्किट बुडवतायत. काठाचं काम त्यांच्या मोठ्या बहिणीचं होतं, मिशनच्या बोर्डिंगमध्ये शिकलेलं. ते चांगलं आहे हे त्यांनी मान्य केलं. “पण डोक्यावर जड नव्हतं, तेवढं बघ गं. आणि माझं तोंड उघडं होतं. तोंड झाकून काय चर्चात जायचं?” मला हवी होती ती सगळी माहिती या दोन वाक्यांत आली. कापायला मात्र मी नकार दिला. हातचं काम असलेलं जुनं नेट दहा मिनिटांत कापून होतं, परत जोडून मिळत नाही. ठरलं ते असं, की जुनं नेट नमुना म्हणून वापरायचं. त्याचा आकार, काठाचा कंगोरा आणि डोक्यावरची जागा घेऊन नवं करायचं, आणि जुनं धुऊन नीट ठेवायचं.

लांबीवर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. गाऊनवरच्या व्हेलची मापं साडीवर चालत नाहीत. गाऊनची पाठ रिकामी असते. साडीच्या पाठीवर पदर असतो, त्याला स्वतःचा काठ आणि स्वतःचं टोक. व्हेलचं टोक आणि पदराचं टोक एकाच उंचीवर आलं की मागून दोन झालरी दिसतात आणि दोन्ही चुकून तिथे आल्यासारख्या वाटतात. मुलीची साडी मोतिया रंगाची बनारसी, चांदीच्या जरीचा बारीक काठ. पदर गुडघ्याच्या खाली ठेवला आणि व्हेल त्याच्या बरीच वर संपवायची ठरवली.

शिवाय त्यांच्या चर्चमध्ये आशीर्वादाच्या वेळी दोघं गुडघे टेकतात. मुलीची उंची पाच फूट दोन इंच. गुडघे टेकल्यावर माथ्यापासून जमिनीपर्यंत पंचेचाळीस-सेहेचाळीस इंच उरतात. व्हेल त्याहून लांब असेल तर ती जमिनीवर पसरते, आणि उठताना तिच्यावर स्वतःचा नाहीतर नवऱ्याचा बूट असतो. आईच्या ऑनलाइन व्हेलचे नऊ फूट तिथेच निकालात निघाले. आम्ही माथ्यापासून अडतीस इंच धरले. उभं राहिल्यावर ते बोटांच्या टोकापर्यंत येतं. घरी जुन्या ओढणीचा तुकडा, व्हेल केसांत अडकवायला लावतात तशा कंगव्याला टाचून, साडी नेसवून, प्लॅस्टिकच्या खुर्चीसमोर तिला गुडघ्यांवर बसवलं, मान खाली घालायला लावली आणि उठवलं. तेव्हा एक गोष्ट कळली. तिच्या मावशीने व्हेल हलू नये म्हणून ती डाव्या खांद्यावर पदराला सेफ्टी पिनने अडकवली होती, आणि मान झुकवल्यावर कंगवा केसांतून निम्मा बाहेर आला. पदर खांद्याला पक्का असतो आणि डोकं हलतं. दोन्हींना एकत्र बांधू नये, कितीही मोह झाला तरी.

नेटसाठी मुलगी आणि मी मंगळदास मार्केटला गेलो. दुकानात नेट मागितलं की आधी कॅनकॅन काढून दाखवतात, घागऱ्याच्या आत लावतात ते. त्याची व्हेल केली तर मच्छरदाणी दिसते. आपल्याला सॉफ्ट नेट हवं, बारीक छिद्राचं, मुठीत दाबून सोडलं तर सावकाश उलगडणारं. खरं सिल्कचं नेट मिळालं असतं तरी मी इथे सुचवलं नसतं. ते महाग असतंच, पण दमट हवेत सिल्क ओलावा धरतं आणि मलूल होतं, आणि मे महिन्यातली ठाण्याची दुपार म्हणजे दमटपणाचा कळस. नायलॉन तेवढा ओलावा धरत नाही. अठ्ठावन्न इंच पन्ह्याचं नेट एकेरी घेतलं, चार इंचाच्या कंगव्यावर चुण्या. त्याहून जास्त घेर पदराच्या पाठीवर फुगून बसला असता.

रंगाचं काम घरी झालं. बाजारातलं बहुतेक पांढरं नेट उजळपणाची रसायनं लावलेलं असतं. फ्लॅशमध्ये आणि काही दिव्यांखाली ते निळसर मारतं, आणि शेजारी मोतिया साडी असेल तर साडीच मळकी वाटते. उपाय जुनाच, कोरा चहा. पण चहा नायलॉनवर चढतो, पॉलिस्टरवर चढत नाही. म्हणून दुकानातून आधी दोन-चार नमुन्यांचे तुकडे आणले होते आणि कोमट, गाळलेल्या, बिनसाखरेच्या चहात टाकून पाहिले होते. ज्याने रंग घेतला तेच घेतलं. आईच्या ऑनलाइन व्हेलचा कोपराही बुडवला, तो कोरडा ठाक पांढरा राहिला. त्या व्हेलचा धातूचा कंगवा मात्र चांगला होता. तो उसवून आम्ही वापरला, म्हणजे पैसे अगदीच वाया गेले असं नाही. रंगवताना नेट आधी साध्या पाण्यात भिजवायचं, मगच चहात सोडायचं आणि हलवत राहायचं, नाहीतर घड्यांच्या जागी पट्टे पडतात. काठाची अर्ध्या इंचाची सुती लेस वेगळी रंगवली, कारण सुती आणि नायलॉन एकाच वेळात एकसारखा रंग घेत नाहीत. लेसचा कंगोरा आजींच्या बहिणीच्या कामाशी तंतोतंत जुळला नाही, पण त्या जातीचा होता. नेटला कापलेल्या कडेने धागे सुटत नाहीत, त्यामुळे लेस नसती तरी चाललं असतं. लावली ती वजनासाठी, चर्चमधले पंखे डोक्यात ठेवून.

मुकुटाचा प्रश्न राहिला. मेणाच्या कळ्यांसारखी कापडी फुलं दादरला मिळतात, बघितलीही. जवळून ती नाटकातली वाटतात. मेणाच्या कळीचं सौंदर्य तिच्या घट्ट, किंचित पारदर्शक पांढरेपणात असतं आणि तसं दिसणारं फूल मे महिन्यात जांभळी नाक्याला ओंजळीने मिळतं. मी मोगऱ्याच्या कळ्या सुचवल्या आणि मुलगी लगेच हो म्हणाली. आई जरा थबकली. चर्चमध्ये गजरा? आजी म्हणाल्या, “मेणाचं फूल काय देवाला जास्त आवडतं?”

मोगऱ्याला वेळेचं गणित लागतं. सकाळी खुडलेली कळी संध्याकाळी उमलते. साडेचारच्या विधीला ती मिटलेली दिसली पाहिजे आणि रिसेप्शनच्या आत उमलली तरी हरकत नाही. वर उल्लेख केलेल्या कायद्यात लग्नविधी साधारणपणे सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या आत करायची अट आहे, तेव्हा उमललेल्या मोगऱ्याचं चर्चमधलं लग्न तसंही दुर्मिळच. गजरेवाल्या मावशींना नुसत्या टपोऱ्या कळ्या, पानं नाहीत, अबोली नाही, तिसऱ्या प्रहरी ओल्या फडक्यात, असं सांगून ठेवलं. ओली कळी नेटला टेकली की तपकिरी डाग पडतो. म्हणून कापडाने मढवलेल्या एका बारीक पट्टीवर कळ्या दोन ओळींत बांधल्या, पट्टी माथ्याच्या पुढच्या बाजूला, आणि नेटचा कंगवा तिच्या एक बोट मागे, थेट खोप्याच्या वरच्या कडेला. केस आदल्या दिवशी धुतले होते आणि तेल अजिबात नव्हतं. तेलकट केसांत कंगवा धरत नाही, वर कितीही पिना मारा. कंगव्याचे दात आधी मागच्या बाजूला खुपसून मग उलटा फिरवला की तो खोप्यात अडकतो.

त्या दिवशी वेदीजवळ एक उभा पंखा थेट नवरीच्या पाठीवर सोडलेला होता. पाळकसाहेबांना सांगून तो भिंतीकडे वळवला. छतावरच्या पंख्यांनी नेट थोडं हललं, उडालं नाही. गुडघे टेकून उठताना काही झालं नाही. रिसेप्शनला निघताना व्हेल काढली, पट्टी तशीच ठेवली आणि शालूवर उमललेला मोगरा राहिला, तो मला सगळ्यात आवडला. आजींनी नवं नेट हातात घेऊन काठ तपासला आणि आमची लेस मशीनची आहे हे सगळ्यांसमोर सांगितलं.

खर्च विचारतात म्हणून सांगते. नेट, लेस, पट्टी आणि शिलाई मिळून ऑनलाइन व्हेलपेक्षा थोडा कमी, फुलं वेगळी. जुन्या नेटची धुलाई मी शिलाईतच धरली. नळाऐवजी फिल्टरचं पाणी, सौम्य साबण, आणि जाळीच्या ताटावर आडवं ठेवून बुडवणं, कारण ओलं सुती नेट उचललं तर स्वतःच्या वजनाने फाटतं. क्लोरीनचं ब्लीच वापरलं नाही. पिवळेपणा बराच गेला, मेणाचे डाग फिके झाले. गंजाची वर्तुळं होती तशी आहेत, त्यांना हात लावला नाही. आता ते धुतलेल्या, खळ काढलेल्या मांजरपाटात गुंडाळलेलं आहे, घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर, नळीलाही आधी मांजरपाटच. प्लॅस्टिकची पिशवी नाही, डांबराच्या गोळ्या कापडाला टेकवून नाहीत. पावसाळा संपला की दसऱ्याच्या सुमाराला सावलीत उघडून ठेवायचं, एवढं आईला लिहून दिलं. मेणाचा मुकुट वेगळ्या डब्यात ठेवलाय, आणि तो डबा स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, हेही.

नवी व्हेल सध्या माझ्याकडेच आहे. नवरीच्या चुलत बहिणीचं लग्न डिसेंबरात वाशीला आहे आणि तिला हीच घालायची आहे. पण तिचा गाऊन आहे, पाठीला पदर नाही, केस खांद्यापर्यंत आणि खोपा होणार नाही. कंगव्याच्या जागी टोपी करावी लागेल, आणि डिसेंबरात मोगरा नसतो. मापं घ्यायला ती पुढच्या रविवारी येते आहे.